पुस्तकातला तो काळा-पांढरा चौकोन

मुलांच्या पाठ्यपुस्तकात छापलेला क्यूआर कोड तुम्ही कधी स्कॅन करून पाहिलाय का? माझ्या भावाच्या पुस्तकात तो वर्षभर तसाच पडून होता. शेवटी कोणीतरी त्याला मिशा काढल्या!

हा कोड 'दीक्षा' या सरकारी अ‍ॅपमधून स्कॅन करायचा. २०१७ साली सुरू झालेलं हे अ‍ॅप मोफत आहे. स्कॅन केलं की तुमचा फोन दूरच्या सर्व्हरकडे त्या धड्याचा व्हिडिओ मागतो. व्हिडिओ अखंड येत नाही. त्याचे हजारो छोटे तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येकावर पत्ता आणि क्रमांक असतो. ते वेगवेगळ्या वाटांनी आले तरी फोन क्रमाने जोडतो. एखादं हरवलं तर तेवढंच पुन्हा मागवतो. आणि हो, इंटरनेट हवेतून येतं ते प्रामुख्याने टॉवरपासून तुमच्यापर्यंत. त्याआधीचा बराचसा प्रवास काचेच्या तंतूंमधून, प्रकाशाच्या रूपात होतो. परदेशातली माहिती तर समुद्राच्या तळावरच्या केबलमधून मुंबई, चेन्नईला पोचते.

खरी अडचण वेगळीच. घरात एकच स्मार्टफोन, आणि तो सकाळी बाबांबरोबर कामावर जातो. मग अभ्यास कधी? रात्री रेंज असताना व्हिडिओ डाउनलोड करून ठेवा, नंतर तो नेटशिवायही चालतो.

इंदूर, बडोद्यात राहता? बालभारतीची मराठी पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. फाइल मोठी असते, तेव्हा वायफायवरच उतरवा.