आकडा आधी शब्द खातो

किराणा ओळीत मजुरी हातात पडते, शेजारच्या बोळात सट्टापट्टी लिहिली जाते आणि सराफा ओळीत बायकोची पोत गहाण पडते. इतवारीत ही तिन्ही ठिकाणे पायी दहा-पंधरा मिनिटांत फिरून होतात. आपल्या किती बांधवांची मजुरी हा फेरा टाळून घरी पोहोचते? हा प्रश्न आज आम्ही मुद्दाम कुटुंबाच्या पानावर मांडत आहोत. वस्तीत तो सर्वांना ठाऊक आहे, पण त्यावर कोणी बोलत नाही. आम्हीही बोललो नव्हतो. त्याची किंमत काय पडली, ते आधी सांगतो.

वर्गणीची पेटी

आमच्या विहारात एक कार्यकर्ता होता. दिवसभर इतवारीत पोती उचलायची, संध्याकाळी विहार झाडायचा, वंदनेला मुले गोळा करायची, असा त्याचा नेम. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर बाहेरगावाहून येणाऱ्या बांधवांसाठी भोजनदान करायचे ठरले. घरोघरी फिरून दहा, वीस, पन्नास अशी वर्गणी गोळा केली. धुणीभांडी करणाऱ्या आयाबहिणींनीही आनंदाने दिली. चौदा हजारांवर रक्कम जमली आणि पेटी त्याच्याकडेच राहिली. त्याने आयुष्यात कधी कोणाचा पैसा इकडचा तिकडे केला नव्हता.

तांदूळ घ्यायच्या दिवशी तो आला नाही. घरी गेलो तर दाराशी बसलेला. पेटीत सातशे रुपये होते.

"भाऊ, फक्त दोनच दिवस वापरले. आकडा लागला की परत टाकणार होतो," एवढेच तो बोलला.

आम्ही कारकुनी करणारे, बी.कॉम. शिकलेले. हिशेब तपासणे हे आमचे रोजचे काम. त्याच्या खिशात आकड्यांच्या चिठ्ठ्या आम्ही दोनदा पाहिल्या होत्या. "गंमत म्हणून लावतो भाऊ," असे तो म्हणाला आणि आम्ही हसून सोडून दिले. पेटीचा हिशेब एकदाही मागितला नाही. तेव्हा या चुकीत आमचाही वाटा आहे.

पण आमच्या मनात घर करून राहिले ते त्याच्या पत्नीचे बोलणे. ती माउली म्हणाली, "पैसे गेले त्याचं काही नाही भाऊ. आता हे पाणी आणाले जातो म्हणतात, तरी मले खरं वाटत नाही."

जुगार आधी काय खातो, ते या एका वाक्यात आले. पैसा नंतर जातो. आधी माणसाचा शब्द जातो.

कापसाच्या भावातून निघालेला मटका

हा आकडा आला कुठून? पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडता व बंद होताना निघणारा भाव तारेने मुंबईला येत असे आणि त्या भावाच्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. 1961 च्या सुमारास तो मार्ग बंद झाला. मग 1962 मध्ये कल्याणजी भगत याने आणि 1964 मध्ये रतन खत्री याने मुंबईत स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली. चिठ्ठ्या मडक्यात टाकून आकडा काढीत, म्हणून त्याला मटका हे नाव पडले. मुंबईच्या गिरणगावातील कामगारांचा घामाचा पैसा या मडक्यात गेला आणि पुढे हे लोण महाराष्ट्रभर पसरले. ज्या विदर्भाने कापूस पिकवला आणि ज्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये आपल्या बापजाद्यांनी तो कातला-विणला, त्या विदर्भातही सट्टापट्टी वस्तीवस्तीत पोहोचली.

जुगाराविरुद्ध कायदा आहे, तो 1887 पासूनचा आहे. लॉटरीत एका आकड्यावर बक्षीस देण्यास 1998 च्या केंद्रीय कायद्याने मनाई केली. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने 2025 च्या ऑगस्टमध्ये केला. कायदे झाले, पण पानठेल्यावरची चिठ्ठी मोबाइलमध्ये शिरली. आता तर बोळात जाण्याचीही गरज नाही. मुलगा आपल्या शेजारी अंथरुणावर पडून खेळत असतो आणि आपल्याला वाटते, तो अभ्यासाचे काही पाहत आहे.

वजाबाकीचा हिशेब

जरा कागद-पेन्सिल घेऊन बसा. आकडे शून्य ते नऊ, म्हणजे दहा. एक आकडा लागण्याची शक्यता दहात एक. लागला तर साधारण रुपयाला नऊ मिळतात. जोडी लागण्याची शक्यता शंभरात एक आणि तिला रुपयाला नव्वद. म्हणजे दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले तर शंभर जातात आणि नव्वद परत येतात.

कोणी म्हणेल, शंभरातले दहाच गेले ना? मग माणूस कफल्लक का होतो? कारण आलेले नव्वद तो घरी नेत नाही. तो ते पुन्हा लावतो. सरासरी धरली तर नव्वदचे एक्याऐंशी होतात, एक्याऐंशीचे त्र्याहत्तर. सात फेऱ्यांत शंभराचे पन्नासही राहत नाहीत, बावीस फेऱ्यांत दहाही राहत नाहीत. ओपन आणि क्लोज मिळून दिवसाच्या दोन फेऱ्या धरल्या, तर हा सारा खेळ अकरा दिवसांचा! शिवाय पैसा गोळा करणारा आणि आकडा काढणारा एकच असेल, तर कोणत्या आकड्यावर कमी पैसा लागला हे त्याच्याइतके कोणाला कळणार?

हे ज्याला कळते, तोही थांबत नाही. यालाच व्यसन म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारल्यावर दाणा कधी मिळेल आणि कधी नाही याचा नेम ठेवला नाही, तेव्हा कबुतरे चोच मारीतच राहिली. दाणा बंद केल्यावरही ती लवकर थांबली नाहीत. आकडा कधीतरी लागतो, म्हणूनच सुटत नाही. सहा लावला आणि पाच निघाला की माणूस म्हणतो, "एकानं हुकला!" वास्तविक तो पूर्ण हरलेला असतो, पण मनाला वाटते की जवळ आलो. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 मध्ये जुगाराच्या अनावर ओढीची नोंद विकारांच्या यादीत केली आणि 2013 मध्ये तिला दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांच्या रांगेत बसवले.

हे गरिबाच्याच वाट्याला येते असेही नाही. 2023 च्या जुलैमध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात 58 कोटी रुपये गमावल्याचे प्रकरण उघडकीस आले. गोंदियातील बुकीच्या घरावर छापा पडला, तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोने सापडले. व्यापाऱ्याचे कोटी गेले आणि आपल्या हमालाची हजेरी गेली. दोघांनाही "उद्या भरून निघेल" याच आशेने नेले.

तथागतांनी काय सांगितले?

काही बांधव म्हणतात, "बावीस प्रतिज्ञांत दारूचे नाव आहे, जुगाराचे कुठे आहे?" आम्ही त्यांना विचारतो, खोटे न बोलता जुगार चालतो का? घरातला डबा न उघडता तो चालतो का? खोटे बोलणार नाही, चोरी करणार नाही, असे आपण 14 ऑक्टोबर 1956 पासून म्हणत आलो आहोत. आकडा या दोन्ही प्रतिज्ञा मोडायला लावतो. आणि ज्या हातांनी देव्हारे सोडले तेच हात आकडा मागायला बुवापुढे जोडले जातात, स्वप्नात साप दिसला तर त्याचाही आकडा काढला जातो. बाबासाहेबांनी दिलेल्या विवेकाची याहून मोठी विटंबना कोणती?

तथागतांनी तर हे स्पष्टच सांगितले आहे. राजगृहाजवळ सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला त्यांनी जो उपदेश केला, तो दीघ निकायात सिगालोवाद सुत्त म्हणून आहे. संपत्ती नासण्याच्या सहा वाटांपैकी जुगार ही एक वाट. तिचेही सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते. हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो. जवळचे धन नाहीसे होते. सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. मित्र व सोबती त्याला तुच्छ लेखतात. आणि मुलगी देताना लोक मागे सरतात, कारण जुगारी माणूस पत्नीला पोसू शकत नाही.

यात धनाचा उल्लेख आहे, पण बाकीचे परिणाम पाहा. ते नात्यांचे आहेत, विश्वासाचे आहेत. अडीच हजार वर्षांपूर्वीचे ते बोल आणि आमच्या वस्तीतल्या त्या माउलीचे बोल एकच आहेत.

मग करायचे काय?

त्या प्रसंगानंतर आम्ही चार गोष्टी शिकलो. पहिली, जुगाऱ्याचे कर्ज भावनेच्या भरात रोख देऊन फेडू नका. ते पैसेही आकड्यावर जातात. दुसरी, मजुरी किंवा पगार पत्नीच्या वा आईच्या हाती जाऊ द्या. तिसरी, विहाराचा, भिशीचा, बचत गटाचा पैसा कधीही एकट्याकडे ठेवू नका. दोघांच्या सह्या आणि दर महिन्याला सर्वांसमोर हिशेब, मग माणूस कितीही सचोटीचा असो. तो हिशेब त्याच्यावरचा अविश्वास नसतो, त्याचेच रक्षण असते. चौथी, याला रोग समजून डॉक्टरांकडे जा. इतवारीपासून मेयो रुग्णालय दूर नाही, तेथे मनोविकार विभाग आहे. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

आयाबहिणींनो, घरची अब्रू म्हणून झाकू नका. झाकलेल्या घरातच आकडा वाढतो.

त्या वर्षी भोजनदान झाले. आम्ही काही जणांनी पदरचे घातले आणि वंदनेनंतर सर्वांना खरे काय ते सांगितले. तो स्वतः उभा राहिला आणि मान खाली घालून बोलला. महिन्याला पाचशे याप्रमाणे त्याने रक्कम फेडायला घेतली. मध्ये एकदा घसरला, तेव्हा त्याची पत्नीच आमच्याकडे आली आणि आम्ही त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. हप्ते अजून चालू आहेत. पेटी त्याला परत दिलेली नाही आणि त्यानेही मागितली नाही. पण गेल्या बुद्ध पौर्णिमेला सतरंज्या अंथरायला सर्वांत आधी तोच आला होता.

गेलेला शब्द असाच परत मिळवावा लागतो, रोज थोडा थोडा. तो जाण्यापूर्वीच सावध व्हा. आज घरातल्या माणसाच्या खिशात चिठ्ठी दिसली किंवा मुलाच्या मोबाइलमध्ये असला खेळ दिसला, तर आमच्यासारखे हसून सोडू नका.

जय भीम!