टोपलीतली चिलापी

नव्वदच्या दशकात उजनी जलाशयाकाठच्या एका शाखेत मी बँक अधिकारी होतो. होड्या आणि जाळ्यांसाठी कर्जं मंजूर करणं हे माझं काम. हप्ता भरायला येणारे काहीजण कागदात गुंडाळून मरळ, नाहीतर वाम आणत. घेणं नियमात बसत नसे. (घरची मंडळी यावरून माझ्यावर बराच काळ रुसून होती.)

परवा भिगवणला गेलो. एका जुन्या कर्जदाराच्या टोपलीत डोकावलो, तर वरपासून तळापर्यंत चिलापी.

हा मासा मूळचा आफ्रिकेतला. गरिबाला स्वस्त मासळी मिळावी म्हणून १९५२ साली तो भारतात आणला गेला. हेतूला नावं ठेवता येत नाहीत. पण चिलापी काही महिन्यांतच वयात येते. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे बहुतेक जगतात. शेवाळापासून किड्यांपर्यंत तिला सगळं चालतं. हे तर चक्रवाढ व्याजच! त्यात पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येतं. नाजूक मासे त्यात गुदमरतात, ही तग धरते. रिकामी झालेली जागाही तिचीच.

मी हे सगळं त्याला ऐकवलं. तो जाळं सोडवत होता.

‘‘साहेब, हिला शिव्या देऊ नका. होडीचं दुसरं कर्ज हिनंच फेडलं. पोरीचं लग्नबी.’’

‘‘आणि मरळ?’’

‘‘घावंल तवा घावती.’’

निघताना त्यानं दोन चिलाप्या कागदात बांधून दिल्या. आता नियम आड येत नव्हता.