पायांना मुंग्या का येतात?

मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात. दाबलेली नस मोकळी झाल्यावर त्या थोड्या वेळात थांबतात. परंतु कारणाशिवाय दोन्ही पायांना मुंग्या येऊन बधिरपणा व अशक्तपणा वर सरकू लागला, तर सावध व्हावे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिलेन-बारे विकाराची, म्हणजेच जीबीएसची, साथ उद्भवली. काही रुग्णांत कँपिलोबॅक्टर हा दूषित पाण्यातून वा अन्नातून येणारा जिवाणू आढळला. त्याच्या आवरणाचे चेतातंतूंशी साम्य असल्याने प्रतिपिंडे चेतातंतूंवरच हल्ला करतात. श्वसनाचे स्नायू दुबळे झाल्यास जिवावर बेतते. वेळीच उपचार झाल्यास बहुतेक रुग्ण सावरतात.

उन्हाळ्यात टँकरवर विसंबणाऱ्या धाराशिव जिल्ह्यात पाणी उकळूनच प्यावे. जुलाबानंतर विद्यार्थी चालताना अडखळू लागल्यास शिक्षकांनी त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.