ब्रेक म्हणजे उष्णतेचा हिशेब

लालबागला आमच्या चाळीसमोर पूर्वी गिरणीची भिंत होती. आता तिथे टॉवर आहे आणि टॉवरच्या तळघरात अशा मोटारी उभ्या असतात, ज्यांची नावे आमच्या लहानपणी फक्त मासिकांच्या रंगीत पानांवर दिसत. याच चाळीत वाढलेला आणि आता त्या टॉवरमध्ये राहणारा एक तरुण मागच्या वर्षी माझ्याकडे आला. त्याने दोन दारांची जुनी जर्मन स्पोर्ट्‌स कार घेतली होती. "काका, पुढच्या चाकांना सहा पिस्टनचे मोठे लाल कॅलिपर बसवतोय. मग कोस्टल रोडवर गाडी जरा मोकळी सोडायला हरकत नाही ना?"

त्याने मला विचारण्याचे कारण एवढेच, की ब्रेक या विषयावर मी गेली तीसेक वर्षे मिळेल ते वाचत आलो आहे. मी इंजिनिअर नाही. बी.कॉम. झाल्यावर ऑपेरा हाउसजवळच्या मोटारीच्या सुट्या भागांच्या बाजारात एका दुकानात हिशेब लिहायला लागलो. गल्ल्यावर बसून गिऱ्हाईक आणि मेकॅनिक यांचे वाद ऐकले, संध्याकाळी पुस्तके चाळली. जे कळले ते असे कळले.

पण सुरुवात त्याच्याही आधीची आहे. १९८९च्या पावसाळ्यात गिरगावचे आमचे मामा आपल्या प्रीमियर पद्मिनीतून आम्हाला लोणावळ्याहून परत आणत होते. बोरघाटाच्या निम्म्या उतारावर ब्रेकचे पॅडल एकदम मऊ झाले आणि पुढच्या वळणाला तळाशी टेकले. मामांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूला घासत घासत ती थांबवली. अर्ध्या तासाने पॅडल पुन्हा कडक! गळती कुठेच नव्हती. मग ब्रेक गेले कुठे आणि आले कुठून? या प्रश्नाने मला पुस्तकांकडे नेले.

सात लिटर पाणी

ब्रेक गाडी 'धरतो' असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो गाडीच्या गतीची उष्णता करतो, दुसरे काही नाही. ही उष्णता किती, ते शाळेतल्या सूत्राने काढता येते: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. माणसासह १४०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवली, तर सुमारे ५४० किलोज्यूल उष्णता तयार होते. घरातले पावणेदोन लिटर पाणी उकळीला आणायला एवढीच उष्णता लागते. वेग दुप्पट करा, ताशी २००. उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणजे जवळजवळ सात लिटर पाण्याची उकळी. गॅसवर त्याला अर्धा तास तरी लागेल. इथे ती सगळी उष्णता साधारण सहा सेकंदांत निर्माण होते आणि तिचा बहुतेक भाग चार लोखंडी चकत्यांना पोटात घ्यावा लागतो.

घाटाचाही हिशेब असाच. बोरघाटात गाडी साधारण पाचशे मीटर खाली येते. नुसत्या ब्रेकवर उतरली, तर ताशी १०० वरून बारा-तेरा वेळा थांबण्याइतकी उष्णता होते. म्हणून उताराला गिअर खाली घेऊन इंजिनाला काम करू द्यायचे. रेल्वे तर याबाबत फारच काटेकोर. घाट उतरणाऱ्या गाड्या मंकी हिलसारख्या ठिकाणी मुद्दाम थांबतात आणि ब्रेकची खात्री करूनच पुढे जातात.

मामांच्या पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. ड्रम म्हणजे झाकण लावलेले पातेले: आतली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. डिस्क उघड्यावर फिरते आणि वारा खाते. १९५३ साली फ्रान्समधल्या ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार पहिली आली, तेव्हा हा फरक साऱ्या जगाने पाहिला. तिचे ब्रेक एकदाच जोरात लागले म्हणून ती जिंकली असे नाही. दिवसरात्र, फेरीमागून फेरी, ते तसेच लागत राहिले.

ब्रेक दोन प्रकारे दगा देतात

पहिल्या प्रकारात पॅडल कडकच राहते, पण गाडी थांबत नाही. लायनरमधला बांधणारा पदार्थ जास्त तापून वायू सोडतो, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि पकड जाते. हा दोष लायनरचा.

दुसऱ्या प्रकारात पॅडल मऊ होते आणि तळाला जाते. हा दोष ब्रेक ऑइलचा, आणि जास्त धोक्याचा. पायाचा दाब चाकापर्यंत पोचवणारे हे ऑइल दाबले जात नाही, म्हणूनच ब्रेक लागतो. ते उकळले की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ मात्र दाबली जाते. सगळा जोर बुडबुडे दाबण्यात खर्च होतो. ऑइल निवले, वाफ विरली, की पॅडल पुन्हा कडक. मामांच्या गाडीला नेमके हेच झाले होते.

पण ऑइल उकळले का? कारण ते हवेतले पाणी शोषून घेते. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा असे मानक सांगते. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरले की तो १४० पर्यंत घसरला तरी चालतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. मुंबईच्या चार महिन्यांच्या दमट हवेत ऑइल किती पाणी पीत असेल, याचा विचार करा. मामांनी गाडी घेतल्यापासून ऑइल बदललेच नव्हते. कमी झाले की वरून भरायचे, एवढेच.

आधी काय बदलावे

म्हणून त्या तरुणाला मी क्रम उलटा करायला सांगितला. दिसते ते शेवटी, न दिसते ते आधी.

सर्वांत आधी ब्रेक ऑइल. गाडीला चालणारे चांगल्या प्रतीचे डॉट ४ किंवा ५.१ भरावे, नळ्यांतली हवा पूर्ण काढावी आणि दर दोन वर्षांनी, जोरात चालवत असल्यास दरवर्षी, ते बदलावे. डॉट ५ हे सिलिकॉनचे वेगळेच ऑइल आहे. नाव सारखे वाटले तरी ते यांत मिसळायचे नाही.

दुसरे ब्रेक पॅड. इथे लोभ नको. शर्यतीचे पॅड तापल्यावरच नीट धरतात. दादरच्या सिग्नलला थंड असताना ते कमी पकडतात, किंचाळतात आणि डिस्क खातात. रस्त्यासाठी मधल्या प्रतीचे पॅड घ्यावेत. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून आठ-दहा वेळा गाडी हळू करावी, पूर्ण थांबवू नये, आणि मग ब्रेक निवू द्यावेत. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसला की पकड येते.

तिसरे रबरी होज. जुने होज दाबाने फुगतात. पोलादी जाळीचे घातले की पॅडल घट्ट लागते.

त्यानंतर डिस्क आणि वारा. आतून पोकळ, पंख्यासारख्या डिस्क उष्णता लवकर टाकतात. भोके पाडलेल्या डिस्क देखण्या असतात, पण फार तापल्या की भोकांपाशी तडे जाऊ शकतात; खाचा असलेल्या बऱ्या.

मोठे कॅलिपर सगळ्यांत शेवटी, आणि तेही चारही चाकांचा विचार करून. ब्रेक लावताच वजन पुढे झुकते, म्हणून कंपनी पुढच्या आणि मागच्या ब्रेकचे प्रमाण जुळवून देते. पुढे मोठे पिस्टन बसवले की तेवढे ऑइल ढकलायला मास्टर सिलिंडर अपुरा पडू शकतो आणि पॅडल खोल जाते. पुढचा ब्रेक गरजेपेक्षा वरचढ झाला की मागची चाके आपला वाटा उचलत नाहीत. नुसता मागचा वाढवला, तर ती आधी अडकून गाडी फिरू शकते.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीत असलेल्या कंपनीच्या तपशिलाशी विसंगत फेरफार गाडीत करता येत नाहीत. असा बदल करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही विचारून घ्यावे.

ब्रेक जे करू शकत नाही

आता त्याच्या मूळ प्रश्नाकडे. मोठे ब्रेक बसवले की गाडी लवकर थांबते का? चांगल्या गाडीचे मूळचे ब्रेक पहिल्या खेपेला चाके अडकवण्याइतके समर्थ असतातच. त्यापुढे एबीएस सूत्रे हाती घेते. गाडी किती अंतरात थांबेल हे ठरवतात टायर. प्रत्येक टायर साधारण तळहाताएवढ्या जागेवर रस्त्याला टेकलेला असतो. मोठ्या ब्रेकचा फायदा एवढाच, की दहाव्यांदा दाबला तरी तो पहिल्यासारखा लागतो. शर्यतीच्या मैदानावर हे मोलाचे आहे. रस्त्यावर दहाव्यांदा दाबण्याची वेळ सहसा येत नाही. तिथे पहिलाच ब्रेक वेळेत लागावा लागतो.

आणि पहिल्या ब्रेकच्या आधी माणूस असतो. समोरचे दिसून पाय हलेपर्यंत दीड सेकंद धरा. ताशी ८० ला गाडी तेवढ्यात ३३ मीटर जाते आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३२ मीटर घेते, एकूण ६५. ताशी १६० ला हेच ६७ अधिक १२६, म्हणजे १९३ मीटर. जवळजवळ तिप्पट. यातले पहिले ६७ मीटर जगातला कुठलाही कॅलिपर कमी करू शकत नाही. कोस्टल रोडवर सरळ भागात ताशी ८० आणि बोगद्यात ६० ची मर्यादा आहे. बंद पडलेली एखादी टॅक्सी वळणापलीकडे उभी असेल, तर ती १९३ मीटर आधी दिसणार आहे का, एवढाच प्रश्न आहे.

त्याला हा हिशेब मी कागदावर मांडून दिला. तो बराच वेळ त्या ६७ च्या आकड्याकडे पाहत होता. कॅलिपरचा बेत त्याने पुढे ढकलला. ऑइल बदलले, पॅड बदलले आणि पाच वर्षांचे जुने, वरून नवेकोरे दिसणारे टायर काढून टाकले. निघालेले ब्रेक ऑइल त्याने मला बाटलीत भरून दाखवले. चहासारखे काळपट होते. वेगाची हौस भागवायला आता तो कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर जायचे म्हणतो. तिथे समोरून कोणी येत नाही आणि चुकले तर बाजूला मोकळी जागा असते. मोठे कॅलिपर बसवायचेच असतील, तर त्यांची खरी जागा ती.

मामा आता नाहीत. त्या दिवशी घाटात त्यांना कोणी सांगितले असते, की दोन वर्षांतून एकदा पावशेर-अर्धा शेर ऑइल बदला, तर त्यांनी लगेच बदलले असते. निष्काळजी माणूस नव्हता तो. त्यांना माहीत नव्हते, इतकेच. तुमच्या गाडीचे ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, हे तुम्हाला आठवत नसेल, तर दिवाळीच्या सुट्टीत घाट उतरण्याआधी तेवढे काम करून घ्या.