डेव्हिड ब्रायंट : धीराची कारकीर्द

खेळाडूची कारकीर्द अल्पायुषी असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तिशी उलटताच निवृत्तीची कुजबुज सुरू होते आणि पस्तिशीत सत्कार होऊन पुस्तक मिटते. इंग्लंडमधील डेव्हिड ब्रायंट या लॉन बोल्सच्या खेळाडूने ही समजूत खोटी ठरविली. पहिले जागतिक विजेतेपद त्यांनी वयाच्या चौतिसाव्या वर्षी मिळविले. तिसरे मिळविले तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते.

हा खेळ वरवर पाहता सोपा आहे. हिरवळीवर जॅक नावाचा लहान पांढरा चेंडू दूर सोडायचा आणि सुमारे दीड किलो वजनाचे मोठे चेंडू घरंगळवीत त्याच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन थांबवायचे. मेख अशी की, मोठ्या चेंडूच्या दोन्ही बाजू सारख्या घडविलेल्या नसतात. त्यामुळे तो कधीच सरळ जात नाही. वेग मंदावेल तसतसा अधिक वळतो. साहजिकच नेम जॅकवर धरून भागत नाही. गवताचा ओलावा, वाऱ्याची दिशा आणि आपल्याच हाताचा जोर यांचा हिशेब मनात पक्का असावा लागतो. हा हिशेब वयाबरोबर बिघडतोच असे नाही. अनुभवाने तो सुधारतो.

सॉमरसेट परगण्यातील क्लीव्हडन या समुद्रकाठच्या लहानशा गावी १९३१ साली ब्रायंट यांचा जन्म झाला. १९७१ पर्यंत त्यांनी शिक्षकाचा पेशा सांभाळला. तोंडात पाइप, चेहऱ्यावर शांतपणा आणि चेंडू सोडण्यापूर्वी हिरवळीवर उकिडवे बसण्याची लकब, ही त्यांची ओळख. १९६२ मध्ये पर्थ येथे त्यांनी राष्ट्रकुल स्पर्धेतील एकेरीचे सुवर्णपदक जिंकले. १९६६ च्या राष्ट्रकुलात हा खेळ नव्हता. परंतु पुढे १९७०, १९७४ आणि १९७८ अशी सलग तीन सुवर्णपदके त्यांनी मिळविली. ऑस्ट्रेलियातील पहिल्या जागतिक स्पर्धेत, १९६६ साली, ते विजेते ठरले. नंतरच्या दोन स्पर्धांत, १९७२ आणि १९७६ मध्ये, एकेरीचा किताब इतरांकडे गेला. म्हणून त्यांनी हिरवळ सोडली नाही. १९८० साली तो परत मिळविला आणि १९८८ मध्ये ऑकलंडला पुन्हा एकदा. बंदिस्त मैदानावरील एकेरीचे जागतिक विजेतेपदही १९७९ पासून सलग तीन वर्षे त्यांच्याकडे होते. २०२० साली, ८८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

हे यश केवळ एका माणसाच्या गुणांचे नव्हे. लहान गावातही क्लबची राखलेली हिरवळ होती, वडीलही हाच खेळ खेळणारे होते आणि नोकरी सांभाळून संध्याकाळी सराव करणे शक्य होते. खेळ अशा साध्या सोयींवर रुजतो.

भारतात अशी हिरवळ दुर्मीळ आहे. तरीही २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की यांनी दक्षिण आफ्रिकेला १७-१० असे हरवून महिलांच्या चौकडीचे सुवर्णपदक आणले. लॉन बोल्समधील भारताचे हे पहिलेच राष्ट्रकुल पदक. चौघींपैकी एक पोलीस दलात, एक शाळेत क्रीडाशिक्षिका, तर एक जिल्हा क्रीडा अधिकारी. सैकिया तर दुखापतीमुळे भारोत्तोलन सोडून इकडे वळलेल्या. त्या दिवशी अनेक घरांत पहिला प्रश्न विचारला गेला तो हाच, की हा खेळ आहे तरी कोणता?

या प्रश्नात अज्ञानापेक्षा अनास्था अधिक आहे. क्रीडाधोरण म्हणजे विशीतल्या पदकविजेत्यांचा शोध, एवढाच अर्थ आपल्याकडे रूढ झाला आहे. दिवसभर फळ्यापुढे उभा राहणारा शिक्षक किंवा कचेरीत खर्डेघाशी करणारा कारकून चाळिशीनंतरही खेळाडू असू शकतो, ही कल्पनाच त्या अर्थात बसत नाही. त्याला जागा द्यावयाची तर प्रचंड क्रीडागारांची गरज नाही. तालुक्याच्या गावी निगा राखलेला, सर्वांना खुला असलेला हिरवळीचा एक चौकोन पुरेसा आहे. क्लीव्हडनच्या शिक्षकाला सुरुवातीस त्याहून अधिक काही मिळाले नव्हते.