'एक धागा सुखाचा': रडगाणं की विणकाम?

'जगाच्या पाठीवर' (१९६०) या चित्रपटातलं हे गाणं गदिमांचं, म्हणजे ग. दि. माडगूळकरांचं. चाल आणि आवाज बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडक्यांचा. 'एक धागा सुखाचा, शंभर धागे दुःखाचे' या ओळीमुळे बरेच जण ते दुःखाचं गाणं म्हणून सोडून देतात. पण अंतरे नीट ऐका.

बाळाचं अंगडं, तरुणपणीचे रंगीबेरंगी कपडे, म्हातारपणी विरलेली शाल. तीन वयं, तीन पोशाख! माणूस जन्मतो वस्त्राविना, जातोही तसाच. मधल्या काळात मात्र कपड्यांचा केवढा सोस. आणि आयुष्याचं हे वस्त्र विणणारा विणकर? तो कुणालाच दिसत नाही. इथे मला हटकून कबीराच्या पदातली देहाची चादर आठवते.

माझ्या मते खरी मेख विणीतच आहे. दुःखाचे धागे उसवून काढले, तर हातात सुखाचा एकच दोरा उरेल. एका दोऱ्याचं कापड होतं का कधी?

तुम्हाला काय वाटतं?