भाऊजींची कॉफी आणि बारा जणींचा पैसा



आज आपण कॉफीवर बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, सोलापूरला ज्वारी सांगा, डाळिंब सांगा, शेळ्या सांगा, ही कॉफी कुठून आली? ती आमच्या गटात आली दुबईहून.

आमच्या गटातल्या एका वहिनींचे दीर अकरा वर्षं दुबईत नोकरीला होते. परत आले ते कॉफीचं वेड घेऊनच. बार्शी भागात, बालाघाटच्या डोंगराला लागून त्यांची दोन एकर जमीन आहे. मुरमाड, उताराची. "डोंगरावर कॉफी होते आणि आपल्याकडं डोंगर आहे," एवढा त्यांचा हिशोब. आम्ही सगळ्या त्यांना भाऊजीच म्हणतो.

मृगाचा पाऊस पडल्यावर भाऊजींनी दुबईहून आणलेल्या पाकिटातल्या बिया पेरल्या. महिना गेला, दीड महिना गेला, काही उगवलं नाही. शेवटी वहिनींनी पाकीट हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाल्या, "भाऊजी, हे भाजलेलं आहे. भाजलेले शेंगदाणे पेरून कधी वेल आलाय का?" त्या दिवशी गटाची बैठक हसण्यातच गेली.

पण भाऊजी हटले नाहीत. पुढच्या जानेवारीत ते थेट कर्नाटकात चिकमंगळूरला गेले. गाव त्यांनी बरोबर निवडलं होतं. बाबा बुदन नावाच्या सूफी फकिरांनी १६७० च्या सुमारास येमेनहून कॉफीच्या सात बिया आणून तिथल्या डोंगरात लावल्या, अशी कथा सांगतात. त्या डोंगरांना आजही त्यांचंच नाव आहे. भाऊजींनी तिथून साठ ताज्या बिया आणल्या. कॉफीचं बी फार दिवस टिकत नाही, ताजं असतानाच पेरावं लागतं. दीड महिन्याने कोंब वर आले आणि प्रत्येक कोंबाच्या डोक्यावर ते बी तसंच, टोपी घातल्यासारखं! बागायतदार या अवस्थेला टोपीच म्हणतात. एकेचाळीस रोपं झाली. वहिनींनी चार रोपं मागून घेऊन मोरीच्या पाण्यावर, आंब्याच्या सावलीत लावली. बाकीची आषाढात डोंगरावर गेली.

पावसाळ्यात डोंगर हिरवा, रोपंही हिरवी. दिवाळीनंतर भाऊजी बैठकीला आले. गटाने एक लाख रुपये द्यावेत, त्यातून शेडनेट, ठिबक आणि दोन एकरांची रोपं आणू, असं त्यांचं म्हणणं होतं. कर्ज वहिनींच्या नावावर घ्यायचं ठरलं होतं.

इथे हसणं थांबलं. आम्ही बारा जणी, महिन्याला दोनशे रुपये बचत. पाच वर्षांची बचत १ लाख ४४ हजार. त्यातले एक लाख द्यायचे म्हणजे कुणाच्या मुलीची फी, कुणाचं बाळंतपण, सगळं अडणार. नाही म्हणावं तर वहिनींच्या घरात रोज भांडण. आम्ही पंधरा दिवसांची मुदत मागितली आणि कॉफीची माहिती काढायला लागलो. ती माहिती तुम्हालाही सांगतो.

कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिकाला साधारण १,००० ते १,५०० मीटर उंची, १५ ते २५ अंश तापमान आणि वर्षाला १,६०० ते २,५०० मिलीमीटर पाऊस लागतो. रोबस्टा कमी उंचीवर आणि जरा जास्त उन्हात येते, पण तिलाही हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस हवाच. आपल्या जिल्ह्यात पाऊस साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. भाऊजींच्या डोंगराची उंची अरेबिकाला लागणाऱ्या उंचीच्या निम्मीच.

दुसरी गोष्ट जमिनीची. कॉफीला किंचित आंबट, कुजलेल्या पाल्याची, निचऱ्याची जमीन आवडते. आपल्याकडच्या जमिनीत चुनखडी जास्त. चुनखडीत झाडाला लोह मिळत नाही, मग पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

तिसरी गोष्ट फुलांची. मार्च-एप्रिलमध्ये एक चांगली सर पडली की आठ-दहा दिवसांत कॉफीचं झाड पांढऱ्या फुलांनी भरतं. वास मोगऱ्यासारखा. ही सर वेळेवर आली नाही तर वर्ष गेलं. आपल्या वळवाचा भरवसा कुणी द्यावा? तो कधी येतच नाही आणि आला तर गारा घेऊन येतो.

मग महाराष्ट्रात कॉफी होतच नाही का? होते. अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला होते. मेळघाटातलं हे ठिकाण सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा आणि पुढे चिखलदरा, अशी लोककथा आहे. १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सन या इंग्रज अधिकाऱ्याची नजर या थंड जागेवर पडली, असं सांगतात. पुढे इंग्रजांच्या काळातच तिथे कॉफी लावली गेली. म्हणजे परक्या मुलखातून येऊन डोंगरावर कॉफी लावून बघणारे आमचे भाऊजी काही पहिले नव्हेत! तिथे उंची आहे, गारवा आहे, आपल्याहून कितीतरी जास्त पाऊस आहे, म्हणून झाड तगलं. तरीही चिखलदऱ्याची कॉफी कर्नाटकासारखा मोठा धंदा झाली नाही. झाड जगणं वेगळं आणि त्यावर घर चालणं वेगळं.

घर चालतं अशी उदाहरणंही आहेत. आंध्र प्रदेशातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकरी डोंगरउतारावर सावलीच्या झाडांखाली कॉफी घेतात, त्याच झाडांवर मिरीचे वेल चढवतात. २०१९ मध्ये अराकूच्या कॉफीला भौगोलिक मानांकन मिळालं. पण तिथे आधी हवामान जुळलं, मग संस्था उभ्या राहिल्या, खरेदीची सोय झाली.

पंधरा दिवसांनी बैठक भरली. आम्ही फळ्यावर एकच हिशोब मांडला. एक लाखाला शेकडा एक रुपया व्याज म्हणजे महिन्याला एक हजार. कॉफीला पहिलं पीक यायला तीन-चार वर्षं. तीन वर्षांचं नुसतं व्याज छत्तीस हजार, मुद्दल वेगळी. हप्ता पुढच्या महिन्यापासून आणि पीक चौथ्या वर्षी. मधली तीन वर्षं हप्ता कुणी भरायचा?

कुणीच बोलेना. मग वहिनी स्वतः उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दीर माझे घरचे आहेत. पण पैसा बारा जणींचा आहे. माझ्या नावावर कर्ज नको." इतिवृत्तात तसं लिहिलं गेलं, त्यांची सही सगळ्यात आधी झाली. भाऊजी दोन महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. घरात काय काय झालं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, पण बैठक एकही चुकवली नाही.

मे महिना आला. डोंगरावरच्या सदतीस रोपांपैकी एकही उरलं नाही. मोरीवरची चार तगली. रोज भांड्यांचं पाणी, आंब्याची सावली, पायाशी पालापाचोळा आणि शेणखत. चौथ्या वर्षी वळवाची सर वेळेवर आली, झाडं फुलली आणि हिवाळ्यात लाल फळं लागली. चार झाडांची मिळून अर्धा किलो. फळं दाबून बी काढलं, रात्रभर भिजवून धुतलं, उन्हात वाळवलं, वरचं टरफल उखळात काढलं. साधारण सहा किलो फळांचं एक किलो बी होतं, त्या हिशोबाने ऐंशी ग्रॅम निघालं. लोखंडी कढईत शेंगदाण्यासारखं भाजलं, मिक्सरला फिरवलं. गटाच्या बैठकीत बारा जणींना अर्धा अर्धा कप कॉफी मिळाली. जरा करपली होती. भाऊजींनी स्वतःच्या हाताने कप दिले आणि पहिला कप वहिनींना दिला.

आज त्यांच्या डोंगरावर सीताफळ आहे. कमी पाण्यावर आणि मुरमात येणारं झाड. एनएमके गोल्डन हा सीताफळाचा नावाजलेला वाण बार्शी तालुक्यातल्याच गोरमाळ्याचा. सोलापूरचं डाळिंब आणि मंगळवेढ्याची ज्वारी यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही इथल्या हवामानाला धरून राहिल्यामुळेच.

मैत्रिणींनो, नवीन पीक करूच नका असं आमचं म्हणणं नाही. गटाचा पैसा घालण्याआधी एवढं विचारा:

१. या पिकाला पाऊस, तापमान, उंची किती लागते आणि आपल्याकडे किती आहे?
२. माती तपासली का? कृषी विज्ञान केंद्रात विचारलं का?
३. पहिलं पीक कधी आणि पहिला हप्ता कधी?
४. माल कोण घेणार? रोपं विकणारा सोडून दुसरं कुणी सांगतंय का?
५. आधी चार रोपं मोरीवर लावून पाहिली का?

आणि कॉफी विकत घेताना पाकीट वाचा. बऱ्याच पाकिटांत चिकोरी म्हणजे एका मुळीची भाजलेली पूड मिसळलेली असते. नियमाने त्यात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं हवं.

मोरीवरची चार झाडं अजून आहेत. फुलली की सगळ्या आळीला वास येतो. कुणाला रोप बघायचं असेल तर जरूर या. कर्ज मागायला मात्र येऊ नका, एवढं भाऊजींनीच सांगायला सांगितलं आहे.